अमृतराव गुरुजींची सही

प्रिय सिद्धराम,

फोन लावून थकलो, तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. इकडे नांदेडात सगळं ठीक आहे. बुद्धप्रियाचे गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांचं ऐकत नाही. परवा मात्र जे पाहिलं त्यातून मी अजून सावरलो नाही. दुसऱ्या कुणाला सांगावं तर कळायचं नाही.

माझं वेड तुला माहीत आहे. आपल्या भागात ज्यांनी पहिल्यांदा दारू सोडली आणि आपली कहाणी पदरमोड करून छापली, त्यांची ती पातळ पुस्तकं मी जमवतो. पहिल्या छपाईची, आणि जमलं तर लिहिणाऱ्याच्या सहीची. इतवारा बाजारातले रद्दीवाले मला लांबूनच ओळखतात. बुद्धप्रिया पाहुण्यांना सांगते, लोक नाणी जमवतात, आमचे हे बेवड्यांच्या सह्या जमवतात. पण अमृतराव गुरुजींचं ‘आजचा दिवस कोरडा’ काही मिळत नव्हतं. लातूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात आपल्या खाटा शेजारी होत्या, तेव्हा तू मला तेच वाचून दाखवायचास. माझे हात इतके कापायचे की पुस्तक धरवत नव्हतं. गुरुजी हयात आहेत हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या सुनेचा, पुनमचा फोन आला. रद्दीवाल्याकडून नंबर मिळाला म्हणाली. मामा घरीच असतात, त्यांची पुस्तकं माळ्यावर पडून आहेत, घेऊन जा. सिद्धराम, मी नवा शाईपेन घेतला! लातूरची एसटी धरली, तिथून रेणापूर. वाटभर मनात जुळवत होतो, पाया पडून काय बोलायचं ते.

पुनमनं दार उघडलं आणि नजर खाली घातली. आत पाऊल टाकलं तोच वास आला. मला वाटलं, औषधाचा असेल. माणूस स्वतःला किती फसवतो बघ. गुरुजी बाजेवर बसले होते, दाढी वाढलेली, सकाळची वेळ, हातात स्टीलचा गिलास. पुनमनं माळ्यावरून काढून दिलेलं पुस्तक मी पुढं केलं, सही मागितली. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, “हे लिवणारा माणूस कवाच गेला. मी नुसता त्याच्या घरात राहायलोय.” मग पुनमनं हळूच सांगितलं, सासूबाई, सरजाबाई, मागच्या दिवाळीत वारल्या. तेराव्याला कुणीतरी म्हणालं, एवढं घ्या, झोप येईल.

ज्या माणसाच्या शब्दांवर आपण दोघं उभे राहिलो, तोच असा बसलेला. राग आला, रडू आलं. आणि खरं सांगू? त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. इतक्या वर्षांनी! मी उठलो. चौकात दारूचं दुकान आहे हे येतानाच पाहिलं होतं, आणि पाहिलं होतं हेही त्याच क्षणी कळलं. घाबरलो रे. तोंडातून निघून गेलं, “गुरुजी, मला प्यावं वाटायलंय. मला जाऊ देऊ नका.”

त्यांनी मान वर केली. गिलास खाली ठेवला, माझं मनगट धरलं आणि मास्तरकीच्या जुन्या आवाजात म्हणाले, “बस इथं. उठायचं न्हाई. बोल, घरी कोण कोण हाय?” मी बोलत राहिलो. बुद्धप्रियाबद्दल, तुझ्याबद्दल, त्या खाटांबद्दल. मग ते बोलले, सरजाबाईंबद्दल. पुनम चहा आणत राहिली आणि दाराआड डोळे पुसत राहिली. उन्हं कलली तरी त्यांनी माझा हात सोडला नव्हता. पुनमनं गिलास कधी उचलून नेला, ते त्यांनाही कळलं नाही.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. रात्री ते पुन्हा प्याले, पुनमला नाही नाही ते बोलले. पण सकाळी स्वतःच म्हणाले, चल. त्यांना लातूरला आपल्याच केंद्रात भरती केलं. काल त्यांनी थोडा भात खाल्ला. सही, पुस्तक, सगळं तिथंच राहिलं. मला घरी आल्यावर आठवलं.

आता खरं सांगतो, हे सगळं का लिहिलं. साखरावहिनींचा मला फोन आला होता. तू दारू सोडलेल्यांच्या मिटिंगला जात नाहीस, मागच्या खोलीचं दार लावून बसतोस, मुलं तुझ्यासमोर येत नाहीत, हे सांगताना त्यांचा आवाज फुटत होता. त्यांच्यावर रागावू नकोस. गुरुजींना पाहीपर्यंत मी ठरवलं होतं, तुला खडसावायचं. आता तोंड नाही माझ्याकडं. रविवारी पहिल्या गाडीनं देवणीला येतोय. तुला सांगायला काही आणत नाही. तू प्यालेला असलास तरी दार उघड. मला अजून भीती वाटतेय, आणि बसायचं तर तुझ्याचजवळ बसायचंय.

तुझाच, आणि तुझ्यासारखाच,
आनंदराज