हेडली मामाला तक्रार करता येत नाही, त्याबद्दल

मेबलथॉर्प,
ऑगस्ट २०१९, तारीख वीस किंवा एकवीस (मामाच्या भिंतीवरचं कॅलेंडर दोन वर्षांपूर्वीचं आहे. त्यातलं गाढवांचं चित्र चांगलं आहे म्हणून तो ते काढत नाही.)

तीर्थस्वरूप मेविस मामीस,

तुझ्या भटक्या भाच्याचा, केल्विनचा, गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार. हे पत्र मी मे महिन्यातच लिहायला घेतलं होतं, हे आधीच कबूल करून मोकळा होतो. ‘प्रिय मामी’ एवढं लिहून झालं आणि खिडकीतून जत्रेचे ट्रक येताना दिसले. नुसतं बघून येऊ म्हणून गेलो, तर तिथे फिरत्या कपबशांच्या पाळण्यावर माणूस हवा होता. त्या कपबशांबरोबर मी स्केगनेसला गेलो, तिथून लाऊथला, आणि लाऊथला एकाने सांगितलं की व्हिटबीला त्याची होडी आहे आणि ती रंगवायला कोणीतरी पाहिजे. व्हिटबीला पोचल्यावर कळलं की होडी होती, आता नाही. परत मामाकडे आलो तोवर त्याने ‘प्रिय मामी’वर चहाचा कप ठेवून ठेवून कागदाची पार रांगोळी केली होती. म्हणून हा नवा कागद.

तुझा गुडघा कसा आहे? स्पेनच्या उन्हात तो सुधारला असं आईकडून कळलं. शेजाऱ्याच्या कोंबड्याबद्दलही कळलं. (तुझ्या तक्रारीनंतर तो खरंच दुपारी आरवायला लागला का? आईला खात्री आहे. मला कोंबड्याची दया आली, पण आश्चर्य नाही वाटलं.) तुझ्या बहिणीला माझा नमस्कार सांग. इकडे सगळं ठीक आहे. मामाची कंबर पाऊस यायच्या आदल्या दिवशी दुखते, म्हणजे रोज दुखते. समुद्र अजून तिथेच आहे, फक्त ओहोटीला तो इतका लांब जातो की पाय भिजवायला गेलेल्या माणसाला वाटेत भूक लागते.

आता मुद्द्याचं. मुद्दा विम्याचा आहे. मामी, थांब, कागद फाडू नकोस! तुला सगळं माहीत आहे हे मला माहीत आहे, पण मला क्रमाने सांगितल्याशिवाय काही समजत नाही, आणि क्रमाने सांगूनही निम्मंच समजतं. तर मामाने व्हॅनसाठी आणि तुझ्या नव्या स्वयंपाकघरासाठी कर्ज काढलं, दोघांच्या नावावर. बँकेतले मिस्टर स्किपवर्थ म्हणाले, याच्याबरोबर पीपीआय, म्हणजे हप्त्यांचा विमा, घ्या; आजारी पडलात, हातपाय मोडले, तर हप्ते विमा कंपनी भरेल. न घेतलात तर वरचे साहेब कर्ज मंजूर करतील की नाही, सांगता येत नाही. मामाने घेतला. खिडक्या पुसणारा माणूस, रोज शिडीवर, त्याला हातपाय मोडण्याचा विमा म्हणजे गरमागरम चिप्सवर व्हिनेगर, हवाच. मग तो दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावरून खाली आला, शिडीशिवाय. कंबरेचं हाड मोडलं. विमा मागितला, तर म्हणाले, हा विमा दुसऱ्याकडे नोकरी करणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही स्वतःच स्वतःचे मालक, तेव्हा तुम्ही आजारी आहात हे कोण सांगणार? म्हणजे (मी हे बरोबर समजलोय ना?) एखाद्याला छत्री विकायची, वर्षानुवर्षं तिचे पैसे घ्यायचे, आणि पाऊस आला की सांगायचं, ही छत्री उंच माणसांसाठी आहे, तुम्ही जरा बुटके पडता. पण विकताना मोजमाप का नाही घेतलं? हे मी ज्याला विचारतो तो म्हणतो, “तेच तर!” आणि पुढे काही सांगत नाही.

हप्ते थकले आणि व्हॅन गेली. पण तू व्हॅनपायी गेली नाहीस, हे मला आईने सांगितलंय. बँकेने फोनवर नाही म्हटलं तेव्हा मामा “काही हरकत नाही, तुम्हाला उगाच त्रास दिला,” असं म्हणाला, आणि तू ते ऐकलंस. त्या दिवशी तू त्याला म्हणालीस, “उद्या कोणी तुला ब्लॅकपूलचा मनोरा विकला तर तू पावतीसुद्धा मागणार नाहीस, वर त्याला चहा पाजशील.” मग तू बहिणीकडे दोन आठवड्यांसाठी गेलीस, आणि ते दोन आठवडे अजून चालू आहेत. (हे मी दोष म्हणून लिहीत नाही. मी स्वतः इथे वीकएंडला आलो होतो.)

इकडे अख्ख्या देशाला या विम्याचे पैसे बँकांकडून परत मागायचं वेड लागलंय. खाटकाने पैसे मिळाल्यावर बागेत गरम पाण्याचा हौद बसवला आणि आता तो दुकान उघडायचं विसरतो. दिवसभर फोन वाजतात, “तुम्हाला पीपीआय विकला होता का, आम्ही मिळवून देतो, आम्हाला फक्त तिसरा हिस्सा द्या.” मी स्वतः अशा एका कंपनीत फोन करायला बसलो होतो, पण एका म्हातारीच्या पोपटाची कथा रंगली आणि त्यांनी मला काढून टाकलं. मामा या सगळ्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. पण एका संध्याकाळी टीव्हीवर कोणी बाई म्हणाली की ज्यांना हा विमा चुकीचा विकला त्यांची काही चूक नव्हती, चूक बँकांची होती, आणि महिनाअखेरीस तक्रारीची मुदत संपते. मामाने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “केल्विन, हे स्पेनमध्ये दिसत असेल का रे?”

मी म्हटलं दिसत असेल. (मला काय माहीत?) तो म्हणाला, पैसे राहू देत, पण बँकेने एका कागदावर लिहून दिलं पाहिजे की हेडली प्लंब मूर्ख नव्हता. आणि तो कागद तुला पाठवायचा. मामी, शपथेवर सांगतो, तेव्हापासून तो रोज दाढी करतो.

तर आम्ही तक्रारीचा फॉर्म आणला. लिहिणारा मी, कारण माझं अक्षर वाईट असलं तरी मोठं आहे. पहिला प्रश्न : तुमची तक्रार थोडक्यात सांगा. मामा खिडकीबाहेर बघत म्हणाला, “लिही, तुम्ही कामात असाल, तरी थोडा त्रास देतो.” मी म्हटलं, मामा, ही तक्रार आहे. तो म्हणाला, “म्हणूनच सुरुवात नीट हवी.” दुसरा प्रश्न : विक्री करणारा तुमच्याशी कसा वागला? मामा म्हणे, “लिही, फार सज्जन माणूस. बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली.” आता मिस्टर स्किपवर्थ निवृत्त आहेत आणि गुरुवारी मामाबरोबर डॉमिनो खेळतात, त्यांच्याविरुद्ध लिहायचं म्हणजे गुरुवार हातचा घालवायचा. मी विचारलं, मग कोणाविरुद्ध लिहू? मामाने बराच विचार केला आणि म्हणाला, “परिस्थितीविरुद्ध.” तसं लिहिलं. तुमचं काय नुकसान झालं, या चौकटीत त्याने “तसं विशेष काही नाही, लोकांचं याहून वाईट झालंय” असं लिहायला लावलं. मी चिडलो. तो म्हणाला, “अरे, ते समजून घेतील. ओळींच्या मधलं वाचतात ते, शिकलेली माणसं असतात.” शेवटी, आणखी काही सांगायचं आहे का? “हो. काउंटरवरची पेनं छान होती.”

आणि मामी, यानंतर जे झालं ते माझ्या डोक्यात अजून नीट बसलेलं नाही. काही दिवसांनी फोन वाजला. मी बाहेर चिप्स आणायला गेलो होतो. (रांग मोठी होती, आणि रांगेत एकाने मला नॉर्वेत सामन मासे साफ करण्याच्या कामाबद्दल सांगितलं, ते वेगळंच.) परत आलो तर मामा फोनवर हसतमुखाने, त्या फोनवाल्यांना कटवताना बोलतो तसं बोलत होता. तुला ठाऊकच आहे, लोक तोंडावर फोन आपटतात, याला ते जमत नाही, तो त्यांना छान निरोप देतो. “नाही गं पोरी, आमची काही तक्रार नाही. आम्ही अगदी समाधानी आहोत. हो हो, अगदी नक्की. तुमच्याकडे पाऊस आहे का? बरं, जप हां.” आणि फोन ठेवून म्हणाला, “पुन्हा त्या विमावाल्यांचा. पण मुलगी चांगली होती, माझी तक्रार आहे का, असं तीनदा विचारलं बिचारीने.”

मी विचारलं, मामा, ती कुठून बोलत होती? तो म्हणाला, “बँकेतून, असं म्हणत होती. ते सगळे तसंच म्हणतात.”

चिप्स थंड झाल्या. पुढच्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं. जाड, चकचकीत कागद. आपल्या प्रेमळ शब्दांबद्दल आभार, दूरध्वनीवरील संभाषणानुसार आपली कोणतीही तक्रार नसल्याचे समजून आनंद झाला, आपले प्रकरण समाधानाने बंद करत आहोत. सोबत एक पेन. मामाने पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, ओळींच्या मधलंसुद्धा, पण तिथे काही नव्हतं. मग ते घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाला, “पत्र मात्र सुरेख लिहिलंय.” दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली नाही.

मी बँकेला फोन केला. ते म्हणाले, तुम्ही खातेदार नाही, तुमच्याशी बोलता येत नाही. मी म्हटलं, मग खातेदाराशी बोला. ते म्हणाले, खातेदाराशी बोललो, तो समाधानी आहे. मी म्हटलं, तो समाधानी नाही, तो सभ्य आहे. तिकडून सतारीसारखं काहीतरी संगीत लागलं. ते मी बराच वेळ ऐकलं, वाईट नव्हतं. तर असं आहे इकडे. बाकी तब्येत सांभाळ, उन्हात टोपी घाल, आणि कोंबड्याला क्षमा कर.

तुझा,
केल्विन

ता. क. : मी हे पत्र तुझी ख्यालीखुशाली विचारायला लिहिलं असं वर वाटत असेल, पण तसं नाही. संगीत संपल्यावर आलेल्या दुसऱ्या बाईने एवढं सांगितलं की कर्ज दोघांच्या नावावर असेल तर दुसरी खातेदार स्वतंत्र तक्रार करू शकते, फक्त मुदतीच्या आत. दुसरी खातेदार तू आहेस. मामी, आपल्या खानदानात तक्रार करता येणारी तू एकटी आहेस. अर्धा मासा खाऊन झाल्यावर तो परत देऊन अख्खा मासा आणलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. तू बँकेला लिही. भांड. मिस्टर स्किपवर्थना सोडू नकोस, गुरुवारचं मी बघतो, डॉमिनो मलाही येतो. (येत नाही, पण शिकेन.)

ता. क. २ : मी हे लिहितोय हे मामाला माहीत नाही. काल विषय काढला तर म्हणाला, “तिला कशाला त्रास?” मी म्हटलं, तिला त्रास होत नाही, तिला मजा येते. यावर तो बऱ्याच दिवसांनी हसला. मग म्हणाला की पैसे आलेच तर सगळे तुझे, त्याला फक्त तो कागद हवाय. आणि हो, मी वर म्हटलं की इकडे सगळं ठीक आहे. ते खोटं आहे. त्याने तुझी खुर्ची खिडकीशी ठेवली आहे आणि तिच्यावर मला बसू देत नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार इतक्यात बाहेर टॅक्सी थांबली. आमच्याकडे टॅक्सी कशाला येईल, म्हणून मी बघायला गेलो नाही, पण आता टॅक्सीवाल्याशी भाड्यावरून जो आवाज चाललाय तो मी ओळखतो. मामी, हा तुझा आवाज आहे. पडद्याआडून बघतोय : तुझ्या एका हातात बॅग आहे आणि दुसऱ्या हातात तोच जाड चकचकीत कागद. (त्यांनी तो दोन्ही खातेदारांना पाठवला असणार, हे मला सुचायला हवं होतं!) टॅक्सीवाला पैसे परत मोजतोय. तू फाटकातूनच ओरडते आहेस, “कोण रे तो समाधानी? बाहेर ये आधी!” मामा अर्ध्या दाढीचा साबण तोंडावर घेऊन दाराशी उभा आहे आणि “तुला उगाच त्रास झाला” असं म्हणायला त्याने तोंड उघडलंय. मी धावत जाऊन त्यात अख्खं बिस्कीट कोंबलंय. लवकर आत ये मामी, ते फार वेळ पुरायचं नाही.