दगाची घोंगडी आणि दोन नंबरांचं तेल

३० नोव्हेंबर १९५८, रविवार
आजपासून डायरी मराठीत. इंग्लिशमधली आबा हेडमास्तरांकडून वाचून घेतात असा डाउट आहे. ही सेफ. बोर्डिंगमध्ये राहून माझं मराठी अक्षर असं झालंय की नंतर मलाच लागत नाही.

पिकअप येऊन महिना झाला. लढाईतली अमेरिकन गाडी, मिलिटरी डिस्पोजलमधून. आबांना मीच घ्यायला लावली. गोठ्यात उभी असते. त्यामुळे बैल बाहेर, निंबाखाली. आमचा सालदार दगा येता-जाता ऐकवतो, ढोरं थंडीमा अन लोखंड गोठामा. प्रोग्रेसला विरोध होतोच.

जेवताना आबांनी अट घातली. दत्तजयंतीला सगळ्यांनी पिकअपमधून सारंगखेड्याच्या यात्रेला जायचं. गाडी आपला पायवर गई अन आपला पायवर वनी ते ऱ्हाई, नहीते तठेच इकी टाकसू. मी म्हणालो, आबा, तो घोडेबाजार आहे, तिथे पिकअप कोण घेणार? आबा म्हणाले, यात्रामा काहीबी इकाई जास, इंग्रज.

मला घरात इंग्रज म्हणतात. कौतुकाने.

म्हसावद ते सारंगखेडा वीस मैल. किरकोळ.

२ डिसेंबर
शहाद्याहून छगन मिस्त्री सर्व्हिसिंगला आला. कुठलं तेल घालणार, असं विचारलं. म्हणे, जे डबामा व्हई ते. त्याला चहा पाजून परत पाठवला.

रात्री गाडीबरोबर आलेलं हँडबुक वाचलं. साठ डिग्रीच्या खाली वीस नंबरचं तेल, म्हणजे पातळ. साठच्या वर चाळीस नंबर, घट्ट. याला व्हिस्कॉसिटी म्हणतात. चुकीच्या व्हिस्कॉसिटीने इंजिन मरतं. अख्ख्या म्हसावदमध्ये हे फक्त मला माहीत आहे. बाकीचे लोक शांत झोपतात कसे?

४ डिसेंबर
प्रॉब्लेम. सीझन बदलला की तेल बदला, असं हँडबुक म्हणतं. आपल्याकडे पहाटे दात वाजतात आणि दुपारी डोकं तापतं. म्हणजे रोज दोन सीझन. म्हणजे तेल रोज दोनदा बदलायचं. अमेरिकेत एवढा बारीक विचार कोणी केला नसेल. त्यांच्या कंपनीला लेटर लिहायचं. (उद्या.)

५ डिसेंबर
थर्मामीटर हवा. घरात फक्त ताप मोजायचा. दुपारी निंबाला टांगला. १०६. संध्याकाळी पाहिला, १०६. रात्री थंडीत कुडकुडत पाहिला, १०६. सायंटिफिक रेकॉर्ड असावं. माय म्हणाली, अरे, तो झटकना पडस. झटकला. निंबावर आपटून फुटला.

९ डिसेंबर
सोल्यूशन सापडलं! दगा. पहाटे घोंगडी पांघरून येतो. ऊन चढलं की काढून बैलाच्या गव्हाणीवर टाकतो. घोंगडी अंगावर म्हणजे वीस नंबर. घोंगडी गव्हाणीवर म्हणजे चाळीस नंबर. निसर्गानेच दिलेलं इन्स्ट्रुमेंट, शिवाय झटकावं लागत नाही.

सकाळी गाडीखाली झोपून खालचा नट काढायचा, चाळीस डब्यात उतरवायचं, वीस ओतायचं. दुपारी उलट. हात आता भराभर चालतो. आबा विचारत होते, गाडी चालावतस कव्हय? सांगितलं, आधी तेल, मग चालणं.

१४ डिसेंबर
दगाने दिवसभर घोंगडी काढली नाही. कडक उन्हात वीस नंबर ठेवावं लागलं. मन घट्ट केलं, पण सिस्टीमवर विश्वास ठेवला. संध्याकाळी कळलं, दगाला हिवताप आहे. माझी एक दुपार वाया गेली म्हणून थोडा रागावलो. दगा पांघरुणातून म्हणाला, भाऊ, मन्ही थंडी मन्ही शे, गाडीनी नही.

मायने त्याला काढा दिला. मी त्याला लवकर बरा हो म्हणालो. मनापासून.

२० डिसेंबर
नट आता पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी निघतो. रोजच्या प्रॅक्टिसने स्मूथ झाला. गाडीखाली काळे डाग पडतात, ते होणारच. माय म्हणाली, गोठामा ऱ्हाई ऱ्हाई गाडीबी मुताले शिकनी. बायकांना मशिनरी समजत नाही.

२४ डिसेंबर
उद्या. पिकअप राहिली तर मार्चमध्ये आपला कापूस मी स्वतः स्टेशनवर नेणार. मग आबा लोकांना सांगतील, मन्हा आंडोर, म्हणजे माझा मुलगा. इंग्रज म्हणणार नाहीत.

२५ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती. (शाळेत आज केक असायचा.)
पहाटे धुकं. दगा घोंगडीत. वीस नंबर. आबा पुढे, माय आणि दगा मागे, भाकरीच्या फडक्यासकट. गाडी पहिल्या झटक्यात सुरू! आबांनी चक्क मिशीवरून हात फिरवला.

शहाद्याला ऊन लागलं. आरशात पाहिलं, दगाने घोंगडी काढली. लगेच ब्रेक. भर बाजारात गाडीखाली शिरलो. आबा म्हणाले, चाली ऱ्हायनी ना, मग चालू दे. पण हँडबुक म्हणजे हँडबुक. वीस उतरवलं, चाळीस ओतलं. नट मात्र बसेना, नुसता गोल फिरायला लागला. मायच्या फडक्याची चिंधी फाडून नटाला गुंडाळली आणि दाबून बसवला. इमर्जन्सीत डोकं शांत ठेवणं हा माझा गुण आहे.

पुढे दगा ओरडला, भाऊ, मांगे काळी रेघ पडी ऱ्हायनी! म्हटलं, चालत्या गाडीची निशाणी राहतेच. थोड्या वेळाने तेलाच्या प्रेशरचा काटा झिरोवर. म्हणजे इंजिनवर प्रेशर अजिबात नाही. रिलॅक्स. मग आतून कोणीतरी हातोडा मारतंय असा आवाज आला. मग आवाज बंद. मग गाडी बंद.

यात्रा समोर दिसत होती. घोड्यांची शिंगरं, पाळणे, सगळं दिसत होतं. आबा खाली उतरले. काही बोलले नाहीत. ते रागावले की फार बोलतात, तेव्हा रागावले नसावेत.

नवलसिंग नावाचा घोड्यांचा व्यापारी वाटेत भेटला. सज्जन माणूस. त्याने दोन घोडे जुंपून गाडी यात्रेत ओढून नेली. लोक बाजूला होऊन बघत होते. एवढी भव्य एंट्री कोणाचीच नव्हती.

संध्याकाळी आबा आणि नवलसिंग पिकअपशेजारी बसले होते. दोघांचे उजवे हात एका उपरण्याखाली. किती तरी वेळ. बोलणं नाही. मधूनच एक जण मान हलवे, मधूनच दुसरा. आबांचे हात थंडीने गारठले असावेत आणि तो ऊब देत असावा. मी समोर बसून जिलबी खाल्ली. शेवटी दोघं हसले आणि नवलसिंगने पिकअपच्या बॉनेटवर थाप मारली, घोडीच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी.

गाडी आवडली त्याला. दिसतंच.

२६ डिसेंबर
भाड्याच्या बैलगाडीतून परत. आबा पुढे, एका तांबड्या घोडीवर.

दगाने वाटेत सांगितलं. घोडेबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कपड्याखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात, म्हणजे चारचौघांना कळत नाही. दगाला सगळं कळत होतं. मायलाही. मग मला का नाही सांगितलं? दगा म्हणे, तुम्ही जिलबी खाई ऱ्हायनात ना, भाऊ.

पिकअपच्या बदल्यात घोडी. बोर्डिंगमध्ये हा विषय नव्हता. स्कूलची चूक.

२८ डिसेंबर
बैल परत गोठ्यात. घोडीही. हँडबुक माझ्याजवळच राहिलं, नवलसिंगला त्याची गरज पडणार. दगाने उरलेलं तेल बैलगाडीच्या कण्याला लावलं. वीस आणि चाळीस एकत्र करून! गाडी अजिबात कुरकुरत नाही. योगायोग.

४ जानेवारी १९५९, रविवार
दगाबरोबर पहाटेच शहाद्याला बाजाराला गेलो. चौकात माझी पिकअप!

छगन मिस्त्रीने इंजिन काढून टाकलंय. पुढे दोन घोडे, मागे केळीचे घड, वर नवलसिंग लगाम धरून. रबरी चाकं, आवाज नाही, पाणी वाहावं तशी चाललीय. मला पाहून थांबला. म्हणाला, इंग्रजभाऊ, आते पहाय कशी पयस! फक्त चाकले कोणतं तेल टाकू ते सांगी द्या.

शेवटी विचारलं. कोणीतरी विचारलं! खिशातून हँडबुक काढलं. घोड्यांचं कोष्टक नाही, पण प्रिन्सिपल तेच. दगाकडे पाहिलं. अंगावर घोंगडी. ठामपणे सांगितलं, वीस नंबर. नवलसिंगने रामराम केला आणि घोडे हाकले.

तेवढ्यात दगाने घोंगडी काढली.

चाळीस, चाळीस, असं ओरडत मी मागे धावलो. गाव संपेपर्यंत धावलो. सापडला नाही. माझ्याकडे असताना गाडी एवढी कधीच पळाली नव्हती.