सातवी आवृत्ती

अण्णा,

काल आमच्या टीममधल्या नव्या मुलीनं मला विचारलं, मॅडम, नेटवर्किंगच्या परीक्षेसाठी कुठलं गाइड घेऊ? जालन्याकडची आहे. हिंजवडीत येऊन तीन महिने झाले तरी कँटीनमध्ये ताट घेताना अजून इकडेतिकडे बघते. मोबाइलवर दोन पुस्तकांचे फोटो दाखवत होती. मी म्हटलं, आवृत्ती कितवी ते बघू नकोस, कव्हरवर परीक्षेचा नंबर छापलेला असतो तो बघ, तुझ्या परीक्षेच्या नंबराशी जुळला की झालं. मिनिटसुद्धा लागलं नाही. ती थँक्यू म्हणून गेली आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तिशी ओलांडलेली बाई, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि नळ सोडून रडतेय. तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, येड लागलं का माय.

तुम्हालाही मी एवढंच सांगायला हवं होतं. आणि तुम्ही विचारलं नव्हतं असंही नाही. गुरुवारची तुमची सुट्टी, तेवढ्यासाठी थेरगावहून बस बदलत पुण्यात पुस्तकांच्या बाजारात गेलात आणि दुकानातून मला फोन लावलात. फोनवर तुम्ही नेहमीच मशीनशेजारी उभं असल्यासारखे ओरडून बोलायचात. दोन हायेत गं, एकावर पहिली लिहिलंय, एकावर सातवी, कोणतं घेऊ? मी क्लासमध्ये आहे अण्णा, कुठलंही आणा, म्हणून मी फोन ठेवला. क्लास केव्हाच सुटला होता. मी खाली चहाच्या टपरीवर मैत्रिणींबरोबर उभी होते आणि तुमचा आवाज त्यांना ऐकू जाईल म्हणून मला लाज वाटत होती.

मग तुम्ही तुमच्या अकलेनं निवडलंत, आणि तुमची अक्कल काही कमी नव्हती. चाकणच्या कंपनीत तुमचं सगळं आयुष्य ड्रॉइंगच्या त्या एका कोपऱ्यात गेलं. कुठलाही पार्ट तपासायला घ्यायचा तर आधी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला रिव्हिजन नंबर बघायचा, म्हणजे ते कितव्यांदा सुधारलंय ते. सगळ्यात मोठा नंबर तोच खरा, बाकीचे रद्द. जुन्या ड्रॉइंगवर माल निघाला तर आख्खा लॉट भंगारात. जेवताना तुम्ही हे आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की आई भाजी निवडतानासुद्धा म्हणायची, ही जुडी रद्द. अशा माणसासमोर पहिली आणि सातवी ठेवली तर तो सातवी उचलणार नाही तर काय करणार? त्या वर्षी परीक्षाच बदलली होती आणि नव्या अभ्यासक्रमाचं गाइड पुन्हा पहिल्या आवृत्तीपासून सुरू झालं होतं, हे तुम्हाला कोण सांगणार होतं? मी सोडून.

संध्याकाळी मी घरी आले तर तुमच्याबरोबर काम करणारे काका चहाला बसलेत. ते महाळुंग्याचे, जमीन कंपनीत गेलेली आणि स्वतःही त्याच पट्ट्यात कामाला लागलेले. तुम्ही पुस्तक पुढं करता. गंज चढू नये म्हणून ज्या तपकिरी कागदात पार्ट गुंडाळतात, त्याचं कव्हर घातलंय. अख्ख्या खोलीत त्या कागदाचा तेलकट वास. पहिल्या पानावर लाल पेनानं माझं नाव, सुट्ट्या सुट्ट्या अक्षरांत. मी दोन पानं उलटते आणि माझं तोंड सुटतं. त्या तोंडाला तेव्हा लगाम नव्हता, आताही फारसा नाही.

"हे जुनं आहे अण्णा. तुम्हाला यातलं काय डोंबल कळतं? मग कशाला मधे पडता?"

काका कपात बघत बसले. आईनं गॅस बारीक केला. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसते वरमलात आणि ते पुस्तक माझ्या हातातून असं घेतलंत की जणू त्याला लागलं असावं.

"सगळ्यात मोठा नंबर बघून आणलं होतं माय. चुकलंच माझं. बदलून आणतो."

पुढच्या गुरुवारी तुम्ही खरंच दुसरं आणलंत. पहिली आवृत्ती, यावेळी माझ्या फॉर्मवरचा परीक्षेचा नंबर चिठ्ठीवर लिहून नेला होतात. त्यालाही तसंच तपकिरी कव्हर. दुकानदार भला माणूस होता, कुरकुर न करता बदलून दिलं, असं तुम्ही म्हणालात आणि मी ते खरं मानलं. माफी वगैरे मी मागितली नाही. पुस्तक माझ्या टेबलावर आलं म्हणजे विषय संपला, असं माझं गणित.

त्यानंतर कधीतरी, भाकरी मोडता मोडता, तुम्ही मला विचारलंत, दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायच्या आधी रामराम घालतात म्हणे? एकानं म्हणायचं, ऐकू येतंय का, दुसऱ्यानं म्हणायचं, येतंय, तुला येतंय का, मग पहिल्यानं म्हणायचं, हो, येतंय. मी मोबाइलमधून डोकं वर काढून म्हटलं, कुणी सांगितलं तुम्हाला हे? असंच, म्हणालात तुम्ही, आणि ताटात बघून हसलात. मी पुन्हा मोबाइलमध्ये गेले.

परीक्षेत मी पास झाले. तुम्ही कंपनीत पेढे वाटलेत आणि वाटताना प्रत्येकाला सांगितलंत म्हणे, पुस्तक बरोबर निघालं. मला हिंजवडीत नोकरी लागली, कंपनीची कॅब दारात यायला लागली. ती यायच्या वेळेला तुम्ही उगाच डांगे चौकाकडून काहीतरी आणायचं काढून गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचात. सहा महिने. मग एका दुपारी कंपनीतच छातीत कळ आली, आणि मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पोहोचेपर्यंत तुम्ही गेला होतात.

तेराव्यानंतर काका तुमच्या लॉकरमधलं सामान घेऊन आले, तेव्हा आई घरात नव्हती. डबा, चष्मा, सेफ्टी शूज, आणि तपकिरी कव्हरातलं ते पुस्तक. सातवी आवृत्ती. माझं नाव घातलेलं पुस्तक कोण परत घेणार होतं? तुम्ही दुसरं विकत आणलं होतंत आणि हे माझ्या नजरेआड कंपनीत नेऊन ठेवलं होतंत. कव्हरवर, रद्द झालेल्या ड्रॉइंगवर लिहितात तसं, लाल पेनात लिहिलेलं होतं: रद्द. फक्त माहितीसाठी. खाली तुमची सही.

काका म्हणाले, "च्याच्या सुट्टीत रोज येक पान वाचायचे. आमी हसायचो. तर म्हनायचे, पोरगी बोलली त्यात काय खोटं न्हाई, मलाच तिचं काम कळाया पायजे."

मी ते उघडलं. कठीण शब्दांखाली पेन्सिलीची रेघ, बाजूला तुमचे मराठी अर्थ, काही बरोबर, काही चक्क चुकलेले. रामराम घालणाऱ्या कॉम्प्युटरांच्या पानावर बरोबरची खूण. एकशे बारा पानांपर्यंत खुणा आहेत. त्यानंतर कोरं.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. आईला मी एवढंच सांगितलं की लॉकरमध्ये विशेष काही नव्हतं. काल घरी आल्यावर कपाटातून दोन्ही पुस्तकं काढून शेजारी ठेवली. आता तुम्ही बदलून आणलेलंही जुनं झालंय. त्या मुलीला ते देऊन उपयोग नाही. कागदाचा वास मात्र दोन्हीला अजून आहे, थोडा.

हे पत्र कुठं टाकणार? एकशे बाराव्या पानात ठेवून देते. पण त्याआधी एक सांगायचं राहिलंय, आणि त्यासाठीच बहुतेक मी लिहायला बसले. परीक्षेचा अभ्यास मी मैत्रिणीनं मोबाइलवर पाठवलेल्या पीडीएफमधून केला होता. तुम्ही आणलेलं पुस्तक टेबलावर नुसतं ठेवलेलं असायचं, तुम्हाला दिसावं म्हणून. शिफ्टवरून आलात की चप्पल काढता काढता तुम्ही त्याच्याकडे बघायचात आणि विचारायचात, कुठवर आलं माय? मी म्हणायचे, निम्म्यावर.

ते मी उघडलंच नव्हतं, अण्णा.