बुटका ट्रक

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
१६ मार्च १९८६

प्रिय मोहनभावजी,

सप्रेम नमस्कार. ती. आईंना आमचा तिघांचा साष्टांग नमस्कार सांगा. इकडे सगळं ठीक. थंडी सरली, मागच्या अंगणातल्या लिंबाला पुन्हा फुलं आलीत. तुमचं पत्र पोचलं. आईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचा बेत डिसेंबरात ठरतोय हे वाचून बरं वाटलं. वर्ध्यात तेव्हा हवाही छान असते. "दत्तू शेजारी बसल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही" हा आईंचा निरोप मी ह्यांना वाचून दाखवला. हसले. आईंचा हट्ट घरात सगळ्यांत कोणी उचलला असेल तर यांनीच, असं मी म्हटलं, तर त्यालाही हसले.

यांना स्वतः लिहायचं होतं, पण उजवा हात जरा दुखावलाय, म्हणून मीच लिहिते. अक्षराच्या बाबतीत तुमचं नुकसान नाही.

एक गंमत सांगते. तुमच्या दादांचा तो जुना पिकअप ट्रक तुम्हाला फोटोत पाहून माहीत आहे. इथे आल्यावर यांनी पहिली घेतलेली गाडी, आता तिचा रंगही नीट सांगता येत नाही. दीपाने तो ट्रक खाली घ्यायचं काम काढलंय. खाली घ्यायचं म्हणजे त्याच्या स्प्रिंगा कापून त्याची उंची कमी करायची, जमिनीला टेकेल इतकी. इथल्या मुलांना हे खूळच आहे. शनिवारी संध्याकाळी असे बुटके ट्रक रस्त्यातून मुंगीच्या चालीने नेतात आणि लोक बघतात. आमच्या शेजारच्या विनीताताई म्हणाल्या, "अगं, मुलीची जात, कॉलेजात जाते, आणि हे काय गॅरेजवाल्यासारखं!" मी म्हटलं, बापाच्या वळणावर गेली, मी काय करू?

हे खुर्ची टाकून गॅरेजमध्ये बसतात आणि तिला सूचना देतात. ती "बाबा, आय नो, आय नो" म्हणते आणि पुन्हा त्यांनाच विचारते.

आईंच्या गुडघ्यांना ते तेल लावताय ना?

तुमची,
पद्मजावहिनी

सनीव्हेल
८ जून १९८६

प्रिय मोहनभावजी,

नमस्कार. ती. आईंना साष्टांग नमस्कार. नेहमीचं निळं पत्र सोडून या वेळी पाकीट पाठवते आहे, कारण लिहायला जास्त आहे.

तुम्ही विचारलंत की दादाला निरोप वाचून का दाखवावा लागला, त्याने स्वतः का वाचला नाही? अहो, चष्म्याचा नंबर बदललाय, नवा चष्मा यायचा होता. हाताला अजून आराम नाही. डॉक्टर बघताहेत. बाकी दीपाची परीक्षा छान झाली. ट्रकचं काम अर्धं झालंय. लिंबाचं लोणचं घातलं, पण इथल्या लिंबांना साल जाड, आईंच्या हातचं होत नाही.

भावजी, आईंना इथपर्यंतच वाचून दाखवा. पुढचं पान तुमचं आहे.

चष्म्याचं खोटं आहे. यांना पत्र हातात धरता येत नाही. गेल्या दिवाळीत शर्टाचं बटण लागेना, तेव्हापासून हे चालू आहे. मज्जातंतूंचा आजार आहे. एकेक स्नायू सुटत जातो. हात गेले, आता पाय चालले आहेत. डोकं मात्र पहिल्यासारखं लख्ख आहे, आणि शेवटपर्यंत तसंच राहील असं डॉक्टर म्हणाले. ते त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं. औषध नाही. किती दिवस, हे मी विचारायला गेले, यांनी विचारू दिलं नाही, तरी मी परत जाऊन विचारलं. पुढच्या वर्षाचं बोलू नका म्हणाले.

मी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतात असं लिहिलं होतं. त्या खुर्चीला चाकं आहेत.

आणि दीपाला खूळबीळ काही नाही. आमच्या दुसऱ्या गाडीत वाकून आत शिरावं लागतं, त्यात यांची मान सावरत नाही, आणि आत बसवलं तर मला बाहेर काढता येत नाही. ट्रकचं दार मोठं, सीट सपाट, पण उंच. एके दिवशी हे दीपाला म्हणाले, "मी वर चढू शकत नाही, तर तो खाली येईल." दोघं बाप-लेक इंजिनियर! एवढ्यावर कामाला लागले.

यांना त्या ट्रकमध्ये बसून विमानतळावर जायचंय. तिथून वर्ध्याला, आईंच्या शेजारी पाटावर. मी म्हटलं, तुमच्यासाठी सोय असलेली गाडी बोलावता येते. तर म्हणाले, "आईकडे जाताना मी सामानासारखा जाणार नाही."

पुढच्या चाकांवर जाड गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. त्या दाबून काढायच्या, खालचा वेढा थोडा कापायचा, परत बसवायच्या आणि मोजायचं. दबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा चेहरा राहत नाही, हे मला काम सुरू झाल्यावर कळलं. मी ओरडले. हे म्हणाले, "पद्मजा, ती बरोबर करतेय. मी बघतोय ना." बघण्याखेरीज त्यांच्याकडे आता दुसरं काय आहे? दीपा एकदा कंटाळून म्हणाली, "बाबा, एकदाच जास्त कापू ना, वी'ल बी डन टुडे." ते म्हणाले, "कापलेलं परत जोडता येत नाही. थोडं कापायचं, आणि थांबून बघायचं."

तिला आता त्यांचं बोलणं दोनदा ऐकावं लागतं. जीभ जड झालीय.

आईंना सांगू नका, ही यांची शपथ आहे. मी ती पाळते आहे, म्हणजे तुम्हालाही पाळायला लावते आहे. पण डिसेंबर फार लांब आहे, भावजी. तारीख अलीकडे घेता येईल का? आईंना काहीतरी कारण सांगा. तुम्ही शाळेत इतकी मुलं सांभाळता, तुम्हाला सुचेल.

पद्मजावहिनी

सनीव्हेल
१४ सप्टेंबर १९८६

ती. स्व. आईंच्या चरणी पद्मजाचा साष्टांग नमस्कार.

मोहनभावजींचं पत्र आलं. त्यांनी माझं मागचं पत्र वाचताना पहिल्या पानानंतर दुसरं पालथं ठेवलं, आणि तुम्ही विचारलंत, "काय रे, सून माझ्याशी एका पानाएवढंच बोलते का?" पुढे तुम्ही काहीच विचारलं नाहीत. फक्त म्हणालात, "तिला लिही, पुढचं पत्र मला पूर्ण ऐकता येईल असं लिही." तसं लिहिते आहे. यांना मी ते सांगितलं. मग म्हणाले, "लिही."

तुमचा दत्तू खूप आजारी आहे. बरा होणारा आजार नाही. तो वर्ध्याला येऊ शकणार नाही.

एवढं लिहायला मला सहा महिने लागले.

ट्रक ऑगस्टमध्ये पूर्ण झाला. मागची बाजू खाली यावी म्हणून एक्सल आणि कमान, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, यांच्या मधे दीपाने लोखंडी ठोकळे बसवले, सीटखालची चौकट काढली. तरी खुर्ची आणि सीट यांच्यामध्ये फट राहायची. हे घसरून पडतील अशी. तेव्हा दीपाने घरातला एक पाट उचलला. आई, तो पाट तुम्ही माझ्या लग्नात दिलेला, पितळी फुलांचा. तिने त्याचे पाय कापले, फुलं काढली, आणि मेण लावून गुळगुळीत केला. मी जेवणाच्या टेबलाशी बसून रडले, पाटासाठी. सहा महिन्यांत तोंडावर पदर न धरता रडायला मला तेवढंच निमित्त मिळालं. दीपा म्हणाली, "आई, आय'म सॉरी, मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "तुझ्या आजीला कळलं तर म्हणेल, कामाला आला ना?"

म्हणाल ना?

तो पाट फटीवर आडवा टाकला आणि त्यावरून सरकत ते खुर्चीतून ट्रकमध्ये गेले. मी मागून धरलं होतं, दीपा आतून ओढत होती. कोणी उचललं नाही त्यांना. सीटवर बसल्यावर त्यांनी समोरच्या काचेतून रस्त्याकडे असं पाहिलं, की मी दार लावायचं विसरले.

विमानतळापर्यंत जाऊन यायचं, सराव म्हणून, असं ठरलं होतं. दीपा चालवत होती. घरासमोरून रस्त्यावर उतरताना ट्रकचं पोट खर्रकन घासलं, तेव्हा हे म्हणाले, "जास्त कापलं." दीपा म्हणाली, "तुमच्याच मापाने." पुढे वाटेत पोलिसाने थांबवलं. इतका खाली घेतलेला ट्रक म्हणजे त्याला वाटलं, हुंदडणारी पोरं. खिडकीशी येऊन बघतो तर आम्ही तिघं, मी साडीत. त्याने यांना काहीतरी विचारलं, यांनी उत्तर दिलं. ते अडखळत्या जिभेचं. तो म्हणाला, "सर, आज काही प्यायलात का?"

दीपा चिडली. हे मात्र हसत सुटले. मान मागे पडली तरी हसत होते. मी हाताने सरळ केली. तुमच्या मुलाला चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कोणी दारुडा म्हटलं, आई. त्या पोलिसाने मग पाट पाहिला, मागे ठेवलेली चाकांची खुर्ची पाहिली. टोपी काढली आणि पुढच्या चौकापर्यंत आमच्या पुढे गाडी चालवत गेला.

विमानतळाबाहेर आम्ही थोडा वेळ थांबलो. ट्रकने आपलं काम केलं होतं. हे म्हणाले, "बसता येतं." एवढंच.

त्यानंतर डॉक्टरांनी श्वास तपासला. इतक्या लांबच्या विमानात छाती पुरणार नाही, वाटेतच काही होईल, असं स्पष्ट सांगितलं. मी यांच्याकडे पाहिलं. यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. मला वाटतं, त्यांना हे काम सुरू करतानाच माहीत होतं. मग दीपाला इतके महिने त्या स्प्रिंगांखाली का घातलं, असं मी त्यांना घरी येऊन विचारलं. रागाने विचारलं. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तिला माझ्याबरोबर करायला काहीतरी हवं होतं. बसून बघत राहण्यापेक्षा."

आता मुख्य ते लिहिते. तुम्ही म्हणालात की दत्तू आल्याशिवाय पाटावर बसणार नाही, तो उशिरा आला तर कार्यक्रम पुढे ढकलू. आई, तो येण्याची वाट पाहू नका. डिसेंबरचीही पाहू नका. घरात सुतक आलं तर तुमचा कार्यक्रम राहून जाईल. हा शब्द मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिला. यांनीच लिहायला सांगितला. मी दोनदा पेन खाली ठेवलं, तर दीपाकडून निरोप आला, "आईला बसू दे. माझ्यामुळे तिचं अडवू नका."

कोजागरीला करा. मुहूर्त गुरुजी काढतील, नाही निघाला तरी करा. शेजारी मोहनभावजींना बसवा. ओवाळताना पहिली ज्योत यांच्या नावाची नको, तुमच्याच नावाची असू दे. यांना तसं हवंय.

त्या दिवशी आम्ही यांना आंघोळ घालून, झब्बा घालून ट्रकमध्ये बसवू. तोपर्यंत बसता येत असेल तर. कुठे जायचं नाही, घरासमोरच. तुम्ही तिकडे तुमच्या पाटावर बसा, हे इकडे तुम्हीच दिलेल्या पाटावरून जाऊन बसतील. एवढंच आता आमच्या हातात आहे.

खाली जी रेघ आहे ती यांची. दीपाने बोटांत पेन धरवलं, पण हात तिने हलवला नाही. 'दत्तू' लिहायचं होतं. 'द' झाला आहे.

मोहनभावजी, हे पत्र मध्ये कुठेही न थांबता आईंना वाचून दाखवा. थांबावंसं वाटलं तरी.

तुमची सून,
पद्मजा