कडू घासाची व्यवस्था

मी, नानाजी गणबा लांजेवार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा पिठाची चक्की, राहणार लकडगंजच्या मागच्या गल्लीत, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, लालूच दाखवलेली नाही. उलट मुलगा म्हणतो, बाबा, इतकी घाई काहून करून राहिले? घाई मला नाही, माझ्या हृदयाला आहे. डॉक्टरांनी ते मला न सांगता मुलाला सांगितले, आणि मुलाचा चेहरा काही लपवू शकत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी जुना कागद पुढे केला तर तो खोटा समजावा.

मला दोन अपत्ये. थोरली कामिनी, माझ्याजवळ राहते. धाकटा सौरव, मौद्याला वीज केंद्रात नोकरी करतो आणि पत्नी मोनाली व मुलांसह मनीषनगरात राहतो. माझी पत्नी पंचफुला दोन उन्हाळ्यांपूर्वी वारली. मिळकत बेताचीच आहे आणि दोघांत वाटणीवरून वाद होईल असे मला वाटत नाही. मला भीती दुसरीच आहे. मी जाईन त्या दिवशी कामिनी काय खाईल आणि कोणाच्या हातचे खाईल, ही ती भीती. हा सगळा खटाटोप त्यासाठी आहे, पण घरादाराचे आधी उरकून घेतो.

कलम १. राहते घर, खालच्या चक्कीच्या खोलीसह, स्वकष्टार्जित आहे. ते संपूर्णपणे कामिनीला द्यावे. खाप्याच्या रस्त्यावरचा प्लॉट आणि बँकेत जे काही शिल्लक राहील ते सौरवचे. सौरवशी हे बोलून झाले आहे. तो म्हणाला, "ताईले घर द्या बाबा, मले विचारून काय राहिले." एवढ्यावर त्याची संमती आली असे मी धरतो.

घराला एक अट जोडतो. ज्याला कणीस, ओंबी किंवा लोंबी येते असे काहीही या घराच्या स्वयंपाकखोलीत शिजू नये. गहू नाही, तांदूळ नाही, ज्वारी-बाजरीही नाही. पाहुण्यांनी समोसे, पोहे ओसरीवर बसून खुशाल खावेत. ही अट मी हयातभर धान्य दळणारा माणूस घालतो आहे, याची मला जाणीव आहे.

याचे कारण वाचणाऱ्याला कळावे म्हणून लिहितो. कामिनीला लग्नानंतर पोटाचे दुखणे लागले. जेवली की ओकारी, जुलाब, अंगावर मांस म्हणून राहिले नाही. उमरेडच्या सासरच्यांनी आधी नजर काढली, मग देवऋषी केला, मग म्हणू लागले की पोरगी नखरे करते. सासू ताटात मुद्दाम दोन पोळ्या जास्त वाढायची. शेवटी एका सकाळी तिला आमच्या दारात आणून सोडली आणि जावई रिक्षातून उतरलासुद्धा नाही. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की गहू हिला विषासारखा आहे. गहू बंद केला, थोडे बरे वाटले. मग भातानेही पोट धरायची, भाकरीनेही. तेव्हा डॉक्टर म्हणाले, धान्यच सोडा.

धान्यच सोडा! आमच्या घरात पिठाचा पांढरा थर देवाच्या फोटोवरसुद्धा बसायचा. मी त्याच महिन्यात चक्की विकली. गिऱ्हाइके वर्षभर रिकामे डबे घेऊन दारात येत राहिली. मला त्याचे वाईट वाटले नाही, असे खोटे लिहिणार नाही. फार वाईट वाटले. चक्कीचा पट्टा थांबला तेव्हा गल्ली मुकी झाल्यासारखी झाली. पंचफुलाने मात्र पदर खोचला, भिंती धुतल्या, आणि म्हणाली, "आता तुम्ही रिकामे हा, तर माह्यासंग रांधाले बसा."

कलम २. वस्तू. घरघंटी कामिनीला. तिच्यात आजवर फक्त शिंगाडा आणि हरभऱ्याची डाळ दळली आहे. कोणी शेजारधर्म म्हणून "एवढे मूठभर गहू काढून दे" म्हणाले तरी देऊ नये. चक्कीच्या पोटात आधीच्या दळणाचे पीठ बसून राहते, ते किती झटकले तरी निघत नाही. बाजारातले उपवासाचे पीठही म्हणूनच आणू नये. ते कशाच्या मागून दळले हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. शिंगाडे भंडाऱ्याकडच्या मासेमार ढिवर बाया विकायला आणतात, ते अख्खे वाळलेले घ्यावेत आणि घरी दळावेत.

मातीचा उलटा मटका, ज्यावर पंचफुला लंबी रोटी करायची, सौरवला द्यावा. मोनालीला ती रोटी जमत नाही, पण सौरवला आवडते, त्यानेच शिकावी. कामिनीसाठी आम्ही शिंगाड्याची लंबी रोटी करून पाहिली होती. गव्हाची कणीक हातावर झेलत झेलत रुमालाएवढी होते. शिंगाड्याला तो चिवटपणाच नाही. पंचफुलाने गोळा झेलला आणि त्याचे तुकडे सरळ चुलीत पडले. आम्ही तिघेही हसलो, आणि हसता हसता कामिनी रडायला लागली, कारण लहानपणी आजारातून उठली की तिला पहिली हीच रोटी लागायची, दुधात कुस्करून. मग उकडलेले रताळे शिंगाड्याच्या पिठात मळून ओल्या फडक्यावर थापून पाहिले. रोटी झाली. जाड झाली, लंबी झाली नाही, पण दुधात कुस्करता आली. कामिनीने ताट पुसून खाल्ले आणि पंचफुला आत जाऊन डोळे पुसून आली.

बाकीचे असेच एकेक जमवले. गोळाभाताचे गोळे डाळीचेच असतात, ते वाचले. भाताच्या जागी फुलकोबी किसून वाफवली आणि वरून कढत फोडणी ओतली. पातोडीला काहीच करावे लागले नाही, ती मुळात बेसनाची. पुरणपोळीचे पुरण तेवढे खरे, वरचे पांघरूण बटाट्याचे. कणकेचे गोळे भाजून करतात ती बट्टी मात्र हरली. शिंगाड्याच्या टणक बट्टीने सौरवचा दात हलला होता. मोबाइलवर बाया बदामाच्या पिठाचे काय काय दाखवतात, ते आमच्या जिभेला परके लागले. आजारी माणसाला नवीन चव नको असते, त्याला त्याच्या आईच्या हातचे पाहिजे असते.

कलम ३. उमरेडकरांना माझ्या मिळकतीतून काही देणे नाही. लग्नात कामिनीला दिलेली पितळी परात अजून त्यांच्याकडे आहे. ती मागू नये. तिच्यात इतकी वर्षे कणीक मळली गेली आहे. ती आता आपल्या कामाची राहिली नाही. जावई जिच्यातून उतरला नाही ती रिक्षा मात्र मी विसरलेलो नाही, हे त्यांना कोणीतरी सांगावे.

कलम ४. आता मुख्य.

आमच्यात मयत झाले की त्या दिवशी घरची चूल पेटत नाही. स्मशानातून आल्यावर सोयरे जेवण आणतात आणि घरच्यांच्या तोंडात पहिला घास देतात. त्याला कडू घास म्हणतात. तो कोणी नाकारत नाही. नाकारला तर गेलेल्या माणसाचा अपमान होतो असे मानतात.

पंचफुला गेली त्या दिवशी जेवण माझ्या धाकट्या बहिणीने, पारबताने आणले. ती खाप्याला दिलेली आहे. सकाळपासून रडून तिचे डोळे सुजले होते, तरी तिने एवढ्या माणसांच्या पोळ्या लाटल्या होत्या. तिने वरण-पोळीचा घास कामिनीच्या तोंडापाशी धरला. कामिनीने मान हलवली. पारबता म्हणाली, "मायच्या नावाचा घास हाय वं. एका घासानं काय होते? नाही म्हणू नको." सगळे बघत होते. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि मला तेव्हा कोण काय खाते याचे भान नव्हते. कामिनीने आईचे नाव ऐकले आणि तोंड उघडले.

त्या रात्रीच तिला दवाखान्यात न्यावे लागले, आणि ती दोन आठवडे तिथेच राहिली. पंचफुलाच्या तेरवीला सगळा गाव जेवला आणि तिची एकुलती एक मुलगी सलाईन लावून पडून होती. आईचे शेवटचे काही तिच्या वाट्याला आले नाही. याचे दुःख मला पंचफुला गेल्याच्या दुःखाइतकेच आहे.

कामिनी आत्याला एका शब्दाने बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती माझ्याशिवाय कोणाच्या हातचे खात नाही. मोनाली सगळे नियम पाळून करून आणते, तरी डबा तसाच परत जातो. लग्नात, बारशात ती हात जोडून निघून येते. मी नसलो की ती स्वतःचे रांधेल, माझ्यापेक्षा चांगले रांधते. पण एकटी रांधेल आणि एकटी जेवेल, दार लावून. जन्मभर. आणि माझ्या मरणाच्या दिवशी, चूल बंद असताना, ती उपाशी बसेल. हे मला सहन होत नाही.

म्हणून व्यवस्था अशी. माझा कडू घास धान्याचा नसावा. शिंगाडा-रताळ्याची रोटी आणि साधे वरण, घरच्यांना, सोयऱ्यांना, खांदेकऱ्यांना, सर्वांना तेच. ज्याला चालणार नाही त्याने आपल्या घरी जाऊन जेवावे. तेरवीलाही तसेच. पिंड भाताचा करावा, कावळ्याशी माझे भांडण नाही. पण तो भात बाहेर शिजवावा. घास कोणी द्यायचा ती जागा मी कोरी ठेवतो आहे, कारण मला नाव सुचत नाही.

कलम ५. साक्षीदार म्हणून शेजारी गोपाळराव यांना बोलावले. दुसरी साक्षीदार म्हणून मी पारबताला खाप्याहून बोलावले. पंचफुलाच्या तेरवीनंतर ती या घरात आली नव्हती. ती उंबऱ्याच्या आत येईना. मी वरचे सगळे तिला वाचून दाखवले, तिचा भाग न गाळता. ती म्हणाली, "भाऊ, हे काहून लिहून ठेवलं गा? मी मेली तरी लोक वाचतीन." मी म्हणालो, लिहिले नाही तर पुन्हा होईल. गोपाळरावांनी तिला सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. ती म्हणाली, "मले घ्याचं नाही. मले द्याचं हाय. शिकव मले."

ती उंबरा ओलांडून आत आली. मी ओट्याजवळ खुर्ची घेऊन बसलो आणि सांगत गेलो. तिची पहिली रोटी फाटली, दुसरी फडक्यालाच चिकटून राहिली. तिसरी तव्यावर गेली. कामिनी आतल्या खोलीतून दारात येऊन उभी राहिली होती. पारबताने ताट वाढले, पाटावर ठेवले, आणि दूर सरून खाली बघत बसली. घास धरायची तिची हिंमत झाली नाही.

कामिनी येऊन ताटासमोर बसली. मग म्हणाली, "आत्या, हात धुतले होते?"

"धुतले वं माय."

"पुन्हा धुऊन ये."

पारबता उठली. मोरीत तिने कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, आणि ओले हात पदराला न पुसता तसेच पुढे धरून कामिनीसमोर येऊन बसली. कामिनीने डोळे मिटून तोंड उघडले.

कलम ४ मधील कोरी जागा आता भरतो: कडू घास पारबताने द्यावा.

वरील मजकूर मी वाचला, तो बरोबर आहे, आणि साक्षीदारांसमोर सही करतो.

स्थळ: नागपूर
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

नानाजी गणबा लांजेवार
(सही)

साक्षीदार:
१. गोपाळराव शामराव ठवकर, शेजारी (सही)
२. पारबताबाई सीताराम बोंद्रे, राहणार खापा (डाव्या हाताचा अंगठा. सही येते, पण उजव्या हातात कामिनीचा घास आहे.)