विषय क्रमांक सहा

रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटं. ही वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळातली आहे. उपासनामंदिरातलं घड्याळ दोन वर्षं सव्वाचारावर थांबलेलं आहे आणि त्याबद्दल मी कमिटीला तीन पत्रं लिहिली आहेत, हे तुला माहीत आहेच.

चि. सौ. ठकीस,

आईचे आशीर्वाद. (राग असला तरी आशीर्वाद पूर्ण आहेत, त्यात काटछाट केलेली नाही.) तुझी पाठ कशी आहे? जावईबापूंचा खोकला कसा आहे? मोठीचा पुढचा दात आला का, आणि धाकटा अजून डाव्या पायात उजवा बूट घालतो का? तुमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला की अजून त्याच्याखाली तेच निळं पातेलं आहे? या प्रश्नांची उत्तरं मला वेगळी पाठव, ती या पत्राच्या उत्तरात मिसळू नकोस. हे पत्र मी हाताने लिहून एकेका पानाचा फोटो काढून पाठवते आहे. पानांवर आकडे घातलेत. मागच्या खेपेसारखं चौथं पान आधी वाचून "आई, तू एवढी का चिडलीस" असा फोन करू नकोस. सुरुवातीपासून वाचलं म्हणजे कळेल.

वर दिलेल्या वेळी पाळकसाहेबांनी तुझं मासिक प्रार्थनापत्रक वाचायला घेतलं. आपली लेक परदेशात मिशनचं काम करते, दोन मुलं सांभाळून आठवड्याला चाळीस माणसांना जेवू घालते, आणि तिच्या कामाचा वृत्तांत एकशे बारा माणसांसमोर वाचला जातो, म्हणून मी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुढून तिसऱ्या बाकावर बसते आणि इस्त्रीची साडी नेसते. या खेपेस विषय क्रमांक एक होता आभाराचा. तुमच्या इमारतीतला एक शेजारी मिशनच्या हॉलमध्ये येऊ लागला, त्याबद्दल. विषय क्रमांक दोनही आभाराचाच. तुम्हाला तिथे आणखी चार वर्षं राहण्याची परवानगी मिळाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दोन वाजवून झाल्यावर अर्थ लागला, आणि तिसरी वाजवता आली नाही.

पण ते क्षुल्लक आहे, त्याबद्दल मी लिहीत नाहीये. मी लिहिते आहे विषय क्रमांक सहाबद्दल. तो तुझ्याच शब्दांत इथे उतरवून ठेवते: "आमच्या घरी तीन महिने राहून गेलेल्या एका ज्येष्ठ भगिनीच्या जिभेला सौम्यता लाभावी म्हणून कळकळीने प्रार्थना करावी."

नाव घातलं नाहीस म्हणून मी तुझे उपकार मानावेत, अशी तुझी अपेक्षा असेल. ठके, तुझ्या घरी तीन महिने राहून आलेल्या ज्येष्ठ भगिनी या गावात किती आहेत, असं तुला वाटतं? एकशे अकरा माना वळल्या. शिंपीणबाई माझ्या पुढच्याच बाकावर होत्या. त्यांनी नीट दिसावं म्हणून चष्मा काढून पुसला. "कळकळीने" हा शब्द पाळकसाहेबांनी दोनदा वाचला. पहिल्यांदा ओळ चुकली होती, असं ते नंतर म्हणाले.

आता मी काय केलं होतं, ते बघू. मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली अकरा पर्यवेक्षक म्हणून. गावातल्या कोणाच्या घरी पाळणा हलला आणि कोणाचं लग्न मोडलं, ते घरच्यांच्या आधी माझ्या कानावरून जायचं, आणि त्यातली एकही गोष्ट मी घरी येऊन तुझ्या वडिलांनासुद्धा सांगितली नाही. त्याआधी दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये. तिथे आमच्या मदरनी शिकवलं की माणसाच्या डोळ्यांत बघून खरं बोलावं, स्पष्ट बोलावं, आणि बोलून झालं की थांबावं. (थांबण्याबद्दल त्या जरा घाईत बोलल्या असाव्यात, तो भाग माझ्या लक्षात कमी राहिला.) अशा बाईला तू घरी बोलावलंस. तुमच्या हॉलचा टेलिफोन सकाळी सातपासून वाजतो, आणि तू तो खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून भांडी घासतेस, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं. माझ्याच्याने बघवेना. दुसऱ्या दिवसापासून टेलिफोन मी घेतला. जुने कपडे हवे असतील तर मंगळवारी या, भाषेचा वर्ग गुरुवारी, रडायचं असेल तर आधी नाव सांगा आणि मग रडा, कारण नाव न सांगता रडलेल्या माणसाला परत फोन करता येत नाही. यात काय कठोर आहे? एकदा रडत फोन केलेल्या एका आजींनी नंतर रोज दहा वाजता फोन करायला सुरुवात केली. रडायला नव्हे, माझ्याशी बोलायला. हे पत्रकात आलं नाही.

आणि तो विषय क्रमांक एकमधला शेजारी. तो कसा आला, हे तू लिहिलं नाहीस, मी लिहिते. तळघरातल्या धुलाईच्या खोलीत एक यंत्र आणि बारा बिऱ्हाडं. दारावर वेळांचा तक्ता. आपली वेळ बुधवारी नऊ ते अकरा. नऊ वाजता मी खाली गेले तर यंत्रात त्या बस चालवणाऱ्या शेजाऱ्याचे ओले कपडे, आणि शेजारी ड्यूटीवर. मी ते काढले. काढले म्हणजे भिरकावले नाहीत. पिळले, वाळवले, घड्या केल्या. घड्या करताना दिसलं की सात मोज्यांपैकी पाच मोज्यांना भोकं आहेत आणि सातव्याचा जोडीदार मुळी नाहीच. मी भोकं रफू केली आणि वर एक चिठ्ठी ठेवली: माणसाने वेळ पाळावी, आणि मोजे फाटले की लगेच शिवावेत, भोक आपोआप लहान होत नाही. (फोनवर माझी कॉन्व्हेंटची इंग्रजी चालायची, पण चिठ्ठी तुमच्या त्या भाषेत लिहायला मला मोठीची मदत घ्यावी लागली. तिने "माणसाने" ऐवजी "गाढवाने" लिहिलं होतं, हे आपल्याला नंतर कळलं.) त्याच शुक्रवारी तो चिठ्ठी हातात घेऊन हॉलच्या जेवणाला आला. ही चिठ्ठी कोणाची, असं विचारत. मला वाटलं भांडायला आला. तो म्हणाला, आई गेल्यापासून मला असं कोणी बोललं नव्हतं. तेव्हापासून तो येतो. तू आणि जावईबापू आठ वर्षं त्याच्या दाराखालून पत्रकं सरकवत होता. मोज्यांनी काम केलं, आणि आभार मानले ते मोघम.

राहिला तुमच्या मोठ्या साहेबांचा प्रसंग, ज्याच्यामुळे विषय क्रमांक सहाचा जन्म झाला. शुक्रवारचं जेवण सहाला, असं हॉलच्या दारावर तुझ्या अक्षरात लिहिलं आहे. लोक यायचे साडेसहा, पावणेसात, एक म्हातारबाबा तर गोडाचं वाढताना. सहा वाजून एक मिनिटाने मी कडी लावली. बाहेर एक लांब कोट घातलेले गृहस्थ दार वाजवायला लागले. मी पत्रपेटीच्या फटीतून विचारलं, कोण? ते म्हणाले, पाहणीला आलोय. मी म्हटलं, घड्याळ पाहिलं असतंत तर पाहणी आतून झाली असती. ते मिशनचे प्रमुख आहेत आणि तुमचं काम पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरवायला दोन दिवसांचा प्रवास करून आलेत, हे त्यांनी सांगायला हवं होतं. त्यांनी बसस्टॉपवर बसून पाव खाल्ला, त्याला मी काय करणार? जावईबापू त्यांना शोधायला एका पायात चप्पल घालून पळाले. पुढच्या शुक्रवारी मात्र सगळेजण पावणेसहालाच हजर होते. म्हातारबाबासुद्धा. तेही पत्रकात नाही.

मी तुझ्यात काही चांगलं पाहिलं नाही, असं समजू नकोस. जी मुलगी इथे आठ वाजेपर्यंत लोळायची आणि चहाचा कप पलंगाखाली विसरायची, ती तिथे पाचला उठून चाळीस माणसांचे बटाटे सोलते, हे मी दाराच्या फटीतून बघत होते. जावईबापूंना लग्नाच्या वेळी पाण्याचा पेला हातात द्यावा लागायचा, ते आता न्हाणीघर घासतात आणि घासताना गातात. (गाणं थांबवता आलं तर बघ.) दर रविवारी संध्याकाळी तुमची ती घरसभा. ज्याच्या हातात वाढायचा मोठा डाव तोच बोलणार, बाकीच्यांनी ऐकायचं. छान पद्धत आहे. माझ्या हातात डाव पन्नास मिनिटं होता असं धाकटा सांगतो, पण त्याला अजून घड्याळ कळत नाही. शेवटी तो म्हणाला, "आजी, आता डाव सुपाला हवाय." इतक्या आदराने मला आजवर कोणी गप्प केलेलं नाही. एक्स्चेंजमध्ये तर नाहीच.

आता इथली परिस्थिती ऐक. तुझ्या त्या एका ओळीने मला पुरतं अडकवलं आहे. रागावले तर लोक एकमेकांकडे बघून मान हलवतात, म्हणजे प्रार्थनेची किती गरज आहे बघा. गप्प बसले तर डोळे मिटून आभार मानतात, म्हणजे प्रार्थना ऐकली गेली. सोमवारी दूधवाल्याने पाणी घातलेलं दूध दिलं आणि मी काही बोलले नाही, कारण मला शिंक येत होती. बुधवारच्या प्रार्थनासभेत शिंपीणबाईंनी त्याची साक्ष दिली. दूधवाला तेव्हापासून रोज पाणी घालतो.

मंगळवारचं तर विचारू नकोस. तुला कधी सांगितलं नव्हतं, पण एप्रिलमध्ये तुम्ही कायमचे परत येणार, या हिशेबाने मी पुढच्या खोलीला रंग दिला होता आणि सुताराकडून दुमजली पलंग करवून घेतला होता. वर मोठी, खाली धाकटा. सुताराने तो नेमका सोमवारी आणून बसवला. त्याला काय माहीत, विषय क्रमांक दोन. मंगळवारी पाच वाजता मी वर चढून बघितलं, मुलांना पंख्याचा झोत लागतो का ते. लागत नाही. पण उतरायला गेले तर पायाला पहिली पायरी सापडेना. मी पंचवीस मिनिटं वर होते. तेवढ्यात महिला मंडळाच्या सातजणी आल्या. दार उघडंच होतं. त्या माझ्या जिभेसाठी प्रार्थना करायला आल्या होत्या, आणि मी छतापासून दोन हातांवर आडवी. शिंपीणबाई म्हणाल्या, "असू द्या, आरामात पडा, आम्ही खालून करतो." आणि केली. सातजणींनी, आळीपाळीने. त्यातल्या दोघींना नंतर मला उतरवायचं होतं, म्हणून मी एक अक्षर बोलले नाही. बुधवारी त्याचीही साक्ष झाली.

उतरवल्यावर सगळ्या त्या पलंगाकडे बघत उभ्या राहिल्या. कोणासाठी केलाय, असं कोणी विचारलं नाही. शिंपीणबाईंनीसुद्धा नाही. त्या बाईंनी तोंड बंद ठेवलेलं मी प्रथमच पाहिलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

म्हणून माझी लेखी मागणी अशी. पुढच्या पत्रकात दुरुस्ती छाप. विषय क्रमांक सहा मागे घेतला आहे, सदर भगिनीची जीभ होती तशीच ठीक आहे, आणि मोज्यांचं श्रेय तिचं आहे, असं स्पष्ट लिही. आणि यापुढे घरातली बातमी घरच्या माणसाला आधी सांगावी. चार वर्षांची बातमी मला तिसऱ्या बाकावर कळायला नको होती, ठके. फोनवर रडली असतीस तरी चाललं असतं. तुझं नाव मला माहीत आहे.

तुझी,
आई

ता. क. पत्रकाच्या शेवटी विषय क्रमांक नऊ होता, तो पाळकसाहेबांनी घाईत वाचला. हॉलचा टेलिफोन आणि दार सांभाळायला एक प्रौढ, वक्तशीर बाई दोन वर्षांसाठी हवी आहे, देवाने ती पाठवावी, असा. मी सोमवारी सकाळी मिशनच्या इथल्या कार्यालयात जाऊन अर्ज भरला आहे. अर्ज करणारी मी एकटीच आहे असं कारकून म्हणाला, पण तरीही मी सगळे रकाने भरले.

ता. क. २. अर्जासोबत अर्जदाराबरोबर किमान तीन महिने एका घरात राहिलेल्या, मिशनमधल्या व्यक्तीचं शिफारसपत्र लागतं. अशी व्यक्ती तूच आहेस. त्यात "अर्जदाराचा बोलण्याचा स्वभाव" असा रकाना आहे. खरं लिही, मात्र जागा दोनच ओळींची आहे. तुमच्या मोठ्या साहेबांनाही वाटलं तर लिहू दे. ते पावाबद्दल लिहितील, तर मी वेळेबद्दल किती पक्की आहे हेच त्यातून सिद्ध होईल.

ता. क. ३. दुरुस्ती छापू नकोस. मंडळींना प्रार्थना करायची सवय लागली आहे, आणि मी तिकडे आल्यावर तिची गरज लागेलच. शिफारसपत्र मात्र लेखी, सहीनिशी, शनिवार दिनांक २९ नोव्हेंबर, दुपारी बाराच्या आत कार्यालयात पोहोचलं पाहिजे. बारा वाजून एक मिनिटाने ते कडी लावतात. मीच त्यांना तसं सांगून आले आहे.