सूनबाई, सोफा आणि कांजिण्या

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात घातलेला नाही, घातला असं समजून आशीर्वाद पाठव.) तुझे गुडघे, दाजींचं पित्त आणि दिवस गेलेल्या भाचीच्या उलट्या, तिन्ही बेतात असावीत. तुला फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून हा कागदाचा उद्योग.

इकडे भलतीच धावपळ झाली. आपली सूनबाई पाचव्या महिन्यातही सोफ्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसतेच. पंधरा दिवसांपूर्वी एक गिऱ्हाईक बाई लेकराला घेऊन आल्या. त्यांचं कापड निवडून होईपर्यंत पोरानं झाडून सगळे सोफे उड्या मारून तपासले (माझे कारागीर इतक्या मनापासून तपासत नाहीत), दमल्यावर आधी माझ्या मांडीवर लोळलं आणि मग सूनबाईच्या गळ्यात पडून झोपलं. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन, "सोफ्याचं राहू द्या हो, पोराला कांजिण्या निघाल्यात!"

झालं! तुझ्या भावजयीनं घर डोक्यावर घेतलं. चिरंजीवांनी मोबाइलवर इतकं वाचलं की बायकोआधी त्यांनाच आडवं करावं लागलं. मी सगळ्यांना "शांत राहा" असं ओरडत होतो.

सूनबाईनं मात्र दवाखान्यात फोन लावला. पोर किती वेळ बिलगलं होतं, आपल्याला कितवा महिना, सगळं न अडखळता सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहानपणी झाल्या असतील तर बहुधा चिंता नाही. नक्की नसेल तर रक्त तपासू, आणि अंगात कांजिण्यांशी लढायची ताकद नसेल तर इंजेक्शन लांबवून चालणार नाही. शिवाय थेट येऊन बाकड्यावर बसू नका, तिथे इतरही गरोदर बायका असतात. (मी तर गाडी काढून हॉर्न वाजवत होतो.)

मग माहेरी फोन. विहीणबाई ठामपणे म्हणाल्या, "झाल्या होत्या की!" मागून व्याही (माझे कान तुला ठाऊक आहेत), "त्या तिच्या भावाला. हिला गोवर."

"पोरं मी वाढवली का तुम्ही?"

"आई, बाबा, तुमचं चालू द्या. मी रक्त देऊन येते."

रिपोर्ट येईपर्यंत घरात सगळे फोनभोवती बसून होते. आला, तर अंगात भरपूर ताकद (विहीणबाईच खऱ्या!), बाळाला धोका नाही. तेव्हा कुठे ती पोटावर हात ठेवून ढसाढसा रडली. मग डोळे पुसले, त्या बाईंना फोन करून पोराची चौकशी केली आणि जाता जाता सोफ्याची ऑर्डरही पक्की केली! ताई, शून्यातून धंदा उभा केला म्हणून मी आजवर मिरवत आलो. आता जरा जपून मिरवीन.

तुझा,
धाकटा

ता. क. भाचीसाठी केलेली आरामखुर्ची घेऊन मी स्वतः येणार होतो. सूनबाईनं दारातच अडवलं, "बाबा, तुम्हाला झाल्या होत्या?" आई-अण्णा गेले, आता साक्षीदार तू एकटी. आठवून उलट टपाली कळव. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच. आणि भाचीलाही तिच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवायला सांग.

ता. ता. क. आठवायची तसदी घेऊ नकोस. सकाळी पोटावर उत्तर उगवलं आहे. खुर्ची टेम्पोवाल्याबरोबर येईल. त्याला झालेल्या आहेत. सूनबाईनं त्याच्या आईलाच विचारलं, बापाला नाही.